अ‍ॅफिलिएट मार्केटिंग: सांगली-साताऱ्यातून सुरुवात करणाऱ्यांच्या नेहमीच्या चुका (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कॉलेज सांभाळून, दुकान सांभाळून किंवा शेती बघत मोबाइलवरून अ‍ॅफिलिएटचं काम, म्हणजे कंपनीची वस्तू आपल्या लिंकवरून विकून देऊन कमिशन घेणं, करू पाहणाऱ्यांसाठी हे पान आहे. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं घेतले आहेत. काही उत्तरं लांब आहेत, कारण चुका तिथंच जास्त होतात.

अ‍ॅफिलिएटमध्ये पैसे नक्की कोण देतं, आणि कशाचे?

विकणारी कंपनी देते, आणि विक्री झाली तरच देते. तुमच्या लिंकवरून माणूस दुकानात गेला, त्यानं ठरलेल्या मुदतीत वस्तू घेतली, ती परत केली नाही, तर किमतीतला ठरावीक टक्का तुमच्या नावावर जमा होतो. गिऱ्हाइकाला वस्तू महाग पडत नाही. नुसत्या क्लिकचे पैसे बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत. "रोज दोन तास लिंक टाका, पाचशे रुपये घ्या" असं कोणी सांगत असेल तर ते अ‍ॅफिलिएट नव्हे. तो टास्कवाला फसवणुकीचा प्रकार असतो. पैसे गेले असतील तर आधी 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन लावा, बाकीचं नंतर.

चार महिने लिंका टाकतोय, लोक वस्तू घेतल्याचं सांगतात, पण खात्यात शून्य. असं का?

पहिला संशय लिंकवरच घ्या. सगळ्यात जास्त होणारी चूक अशी: खरेदीच्या अ‍ॅपमध्ये वस्तू उघडायची, खालचं शेअरचं बटण दाबायचं आणि आलेली लिंक पुढं पाठवायची. त्या लिंकमध्ये तुमची ओळखच नसते. विक्री होते, पण ती तुमच्या नावावर चढत नाही. लिंक अ‍ॅफिलिएट खात्यातूनच बनवायची. अ‍ॅमेझॉनवर त्यासाठी ब्राउझरमध्ये वरच्या बाजूला साइटस्ट्राइप नावाची पट्टी दिसते. लांब लिंक काढली की तिच्यात 'टॅग' हा शब्द, मग बरोबरचं चिन्ह आणि पुढं तुमचा आयडी दिसला पाहिजे. भारतातल्या आयडीच्या शेवटी -21 असतं.

टॅग बरोबर असूनही विक्री दिसत नसेल तर लिंक स्वतःच्या फोनवर, दुसऱ्याच्या फोनवर आणि इन्स्टाग्रामच्या आतून अशी तिन्हीकडून उघडून बघा. इन्स्टाग्राम, फेसबुक बाहेरचं पान आपल्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडतात. तिथं माणूस लॉगिन नसतो. तो ते पान बंद करतो, नेहमीच्या अ‍ॅपमध्ये जातो आणि तीच वस्तू शोधून घेतो. तुमची खूण मागच्या ब्राउझरमध्येच राहून जाते. यावर पक्का इलाज नाही. "लिंक अ‍ॅपमध्ये उघडा" एवढी एक ओळ शेजारी लिहिली तर थोडा फरक पडतो.

तिसरं कारण म्हणजे शेवटचा क्लिक. माहिती तुमच्याकडं वाचली, पण पैसे भरायच्या आधी कूपन शोधायला माणूस दुसऱ्या साइटवर गेला आणि तिथल्या लिंकवरून परत आला, तर बहुतेक कार्यक्रमांत (म्हणजे कंपन्यांच्या अ‍ॅफिलिएट योजनांत) कमिशन त्या दुसऱ्याचं.

24 तासांची मुदत म्हणजे काय?

अ‍ॅमेझॉनवर क्लिक झाल्यापासून 24 तासांत जी ऑर्डर होईल ती तुमची, मग दाखवलेली वस्तू असो वा दुसरी कुठली. 24 तासांच्या आत वस्तू कार्टमध्ये टाकली असेल तर ऑर्डर पुढं काही आठवड्यांनी दिली तरी चालते. साधारण 90 दिवस कार्ट जिवंत धरतात. इतर नेटवर्कांवर (अनेक ब्रँडच्या लिंका एका जागी देणाऱ्या कंपन्यांवर) 7 किंवा 30 दिवसांची मुदत असते, प्रत्येक ब्रँडची वेगळी. म्हणून महाग आणि विचार करून घ्यायच्या वस्तूंना लांब मुदतीचा कार्यक्रम शोधावा. पाचशे-हजाराच्या वस्तूला एक दिवस पुरतो.

कुठल्या विषयावर लिहावं? मोबाइल आणि इअरबड्सवर तर सगळेच लिहितात.

म्हणूनच त्या वाटेला जाऊ नका. मोबाइल, इलेक्ट्रॉनिक्सवर कमिशनचा टक्का कमी आणि स्पर्धा देशभराची. तुमच्या भोवतालची माणसं दुकानदाराला जे विचारतात, आणि ज्याचं उत्तर तुम्ही वस्तू हातात धरून देऊ शकता, तो विषय घ्या.

बॅटरीवरचा फवारणी पंप हे चांगलं उदाहरण आहे. बऱ्याच पानांवर असं लिहिलेलं सापडतं: "हा उच्च दर्जाचा टिकाऊ स्प्रेअर असून शेतकऱ्यांसाठी उत्तम पर्याय आहे." यातून हळदीला औषध मारणाऱ्याला काय कळलं? त्याला हवं आहे ते हे. टाकी 16 लिटरची की 20 ची? 16 लिटर पाण्याचं 16 किलो, रिकाम्या पंपाचं पाच-सहा किलो, म्हणजे पाठीवर 21-22 किलो. 20 लिटरची घेतली तर वरांब्यावरून चालताना आणखी चार किलो. एकराला 200 लिटर पाणी धरलं तर 16 लिटरचे बारा-तेरा पंप होतात, तेवढे एका चार्जिंगवर निघतात का? बॅटरी 12 व्होल्ट 8 अँपिअर-तासाची आहे की 12 ची? एक मोटर की दोन? आणि सगळ्यात महत्त्वाचं: वॉशर, नोझल, चार्जर गेला तर विट्यात किंवा ईश्वरपुरात (आधीचं इस्लामपूर) मिळेल, की अख्खा पंपच भंगारात? स्वतःच्या किंवा भावकीतल्या कुणाच्या पंपावर एक दिवस मोजून हे आकडे लिहिले, तर तसं पान मराठीत शोधूनही सापडत नाही.

तिथंच हेही लिहावं की तासगावकडच्या द्राक्षबागेचं काम या पंपानं भागत नाही, तिथं ट्रॅक्टरवरचा ब्लोअर लागतो. 'कुणी घेऊ नये' हे लिहिणाऱ्यावर लोक विश्वास ठेवतात, आणि चुकीच्या माणसानं वस्तू घेतली नाही तर परतावेही कमी होतात.

आणखी एक उदाहरण मिरजेचं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण सतार हा लिंकवर विकायचा विषय नाही, ती कारागिराकडं जाऊन वाजवून घ्यायची असते. नव्या विद्यार्थ्याचे प्रश्न वेगळे असतात: मिझराब (तार छेडायची बोटातली नखी) कुठल्या मापाची, तारांचा संच कुठला, इलेक्ट्रॉनिक तानपुरा घ्यावा की फोनमधलं अ‍ॅप पुरे. या छोट्या वस्तू ऑनलाइन घेतल्या जातात. साताऱ्यात हिल मॅरेथॉनच्या सरावाला उतरणाऱ्यांच्या बुटांचंही तसंच: घाटरस्त्याच्या चढ-उतारावर पुढचा अंगठा का दुखतो, माप अर्ध्यानं वाढवून घ्यावं का. विषय अरुंद असू दे, पण माहिती तुमच्या हातची हवी.

इंग्रजी रिव्ह्यू भाषांतर करून टाकले तर?

दोन अडचणी. दुसऱ्याचा मजकूर भाषांतर केला तरी तो दुसऱ्याचाच राहतो. आणि यंत्राचं मराठी कुणी शोधत नाही. भाषांतरात "पाठीवरील फवारक" येतं. माणूस टाइप करतो "औषध मारायचा पंप", "बॅटरी पंप 16 लिटर", नाहीतर रोमन लिपीत मराठी. शीर्षकात लोकांच्या तोंडचा शब्द आणि मॉडेलचं नाव दोन्ही ठेवा. पानाचा पत्ता मात्र रोमन अक्षरांत, लहान ठेवा. देवनागरी पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि लोकांना ती व्हायरसची लिंक वाटते.

अ‍ॅमेझॉनवरची गिऱ्हाइकांची मतं, तारे, फोटो उचलून आपल्या पानावर लावणंही चालत नाही. साइटस्ट्राइपमधून फोटो घ्यायची सोय 2023 च्या अखेरीस बंद झाली, तेव्हा पुष्कळ जुन्या पानांवर रिकाम्या चौकटी उरल्या. आपल्या फोननं, उजेडात, वस्तू वापरात असताना काढलेला फोटो लावा.

किंमत लिहावी का?

हातानं टाइप करून नको. किंमत दिवसातून दोनदाही बदलू शकते, तुमचं पान बदलत नाही, आणि अ‍ॅमेझॉनच्या अटींतही ते बसत नाही. "आजची किंमत बघा" असं लिहून लिंक द्या.

गल्लीतल्या सगळ्यांच्या ऑर्डरी मीच टाकतो. त्या माझ्या लिंकवरून टाकल्या तर काय बिघडतं?

खातं बंद होतं. ही चूक आपल्याकडं फार होते, कारण आई-वडिलांपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांची खरेदी घरातला एकच पोरगा करत असतो. स्वतःसाठी किंवा नातेवाईक-मित्रांच्या वतीनं आपल्याच लिंकवरून घेतलेल्या मालावर अ‍ॅमेझॉन कमिशन देत नाही. पत्ता, फोन, पैसे भरायचं कार्ड यांवरून ते ओळखतातही. असल्या ऑर्डरी साध्या अ‍ॅपवरून टाका.

याला जोडून दुसरी चूक. नव्या खात्याला 180 दिवसांत किमान 3 पात्र विक्री व्हाव्या लागतात, नाहीतर खातं बंद करतात. मुदत संपत आली की घाबरून पोरं घरच्यांनाच लिंक पाठवतात, आणि पुढं तेच अंगाशी येतं. त्यापेक्षा आधी दहा-पंधरा चांगली पानं किंवा व्हिडिओ तयार करून मगच अर्ज करावा. मुदतीत बंद झालं तर पुन्हा अर्ज करता येतो. नियम मोडून बंद झालेलं खातं परत मिळणं अवघड, आणि जमा झालेले पैसेही अडकतात.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर डील टाकल्या तर चालतं का?

लिंक जिथं टाकणार ती जागा खात्यात नोंदवलेली असावी लागते: वेबसाइट, यूट्यूब चॅनेल, टेलिग्राम चॅनेल, जे असेल ते. कंपनीला उघडून बघता येत नाही अशा बंद ग्रुपमधून क्लिक यायला लागले की विचारणा होते आणि तुमच्याकडं दाखवायला काही नसतं. एसएमएस, ईमेल, पीडीएफ आणि छापील कागद यांबद्दलच्या अटी प्रत्येक कार्यक्रमात तपासून घ्या, त्या कडक असतात. दुकानाच्या पत्रकावर क्यूआर छापायच्या आधी तर नक्कीच.

व्यवहाराच्या बाजूनं सांगायचं तर भावकीच्या ग्रुपवर रोज पाच डील टाकणारा माणूस आठवड्यात म्यूट होतो. वेगळं सार्वजनिक चॅनेल काढा, ज्याला हवं तो येईल. वेबसाइट नसलेल्यांना अर्नकरो, क्यूलिंक्स, अ‍ॅडमिटॅड अशा नेटवर्कांचा रस्ता आहे. तिथंही प्रत्येक ब्रँडची अट वेगळी असते.

यूट्यूबवर व्ह्यूज आहेत, लिंकवर कुणी जात नाही.

व्हिडिओ शॉर्ट आहे का? 31 ऑगस्ट 2023 पासून शॉर्ट्सच्या वर्णनातल्या आणि कॉमेंटमधल्या लिंका दाबल्या जात नाहीत. तिथं लिंक चिकटवणं वाया. शॉर्टला आपला लांब व्हिडिओ जोडा आणि लिंक त्या लांब व्हिडिओच्या वर्णनात, पहिल्या दोन ओळींत द्या. त्याखालचा मजकूर 'आणखी' दाबल्याशिवाय दिसत नाही. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंकही दाबली जात नाही. बायोमध्ये पाचपर्यंत देता येतात.

प्रत्येक जागेला वेगळा ट्रॅकिंग आयडी करा: यूट्यूबचा एक, साइटचा एक, टेलिग्रामचा एक. फुकट आहे, दहा मिनिटांचं काम. नसेल तर सहा महिन्यांनी कमिशन कुठून आलं ते कळत नाही आणि माणूस चुकीच्या ठिकाणी राबत बसतो.

महिन्याला किती मिळतील?

आपला हिशोब आपण मांडायचा. धरा, पानावर महिन्याला 1000 माणसं आली, 80 जणांनी लिंक दाबली, 4 जणांनी 2800 रुपयांचा पंप घेतला आणि कमिशन 5 टक्के आहे. एका पंपाचे 140, चारांचे 560. त्यातल्या एकानं कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल दारातून परत पाठवलं की राहिले 420. हे आकडे नुसते नमुन्याचे आहेत, त्यात आपले घाला. मुद्दा असा की एका पानावर घर चालत नाही. अशी तीस-चाळीस पानं उभी राहिली, त्यातली दहा चालली, तर मोबाइलचं बिल, मग हप्ता, असं वर जातं.

पैसेही लगेच येत नाहीत. अ‍ॅमेझॉन महिना संपल्यावर साधारण 60 दिवसांनी देतं, कारण परताव्याची मुदत जाऊ द्यावी लागते. दिवाळीच्या विक्रीचे पैसे संक्रांतीच्या सुमाराला, हे धरून चाला. डॅशबोर्डवरचा आकडा बघून उधारीवर कॅमेरा घेऊ नका.

'जाहिरात' असं लिहिलं तर लोक पळतील ना?

लपवलं आणि नंतर कळलं तर जास्त पळतात. शिवाय हा कायद्याचा विषय आहे. जाहिरात मानक परिषदेचे इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम जून 2021 पासून आहेत, आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी 2023 मध्ये वेगळ्या सूचना काढल्या. तुमचा आर्थिक संबंध असेल तर तो सहज दिसेल असा सांगायचा. हॅशटॅगच्या ढिगात लपवलेला शब्द चालत नाही. फोटोवर असेल तर फोटोवरच, व्हिडिओत असेल तर बोलूनही आणि पडद्यावरही, लाइव्हमध्ये सतत दिसेल असा. व्हिडिओ मराठी असेल तर सूचनाही मराठीत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पहिल्यांदा 10 लाखांपर्यंत आणि पुढच्या वेळी 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

लेखाच्या सुरुवातीला एवढं पुरतं: "या पानावरच्या काही लिंका अ‍ॅफिलिएट आहेत. त्यावरून खरेदी झाल्यास आम्हाला कमिशन मिळतं, तुम्हाला किंमत तीच पडते." वेबसाइट असेल तर लिंकच्या कोडमध्ये rel=sponsored अशी खूणही लावा, म्हणजे ती जाहिरातीची आहे हे गुगलला कळतं. गुगलनं 2019 पासून त्याची सोय केली आहे.

एका सरांचा अ‍ॅफिलिएट कोर्स आहे, फी भरून तोच पुढं विकायचा म्हणतात. घ्यावा का?

खऱ्या कार्यक्रमांत सामील व्हायला एक रुपयाही लागत नाही, ही पहिली कसोटी. दुसरी: माल कोण विकत घेतोय? वस्तू वापरायला घेणारं गिऱ्हाईक असेल तर ठीक. घेणारा प्रत्येक जण पुढं विकण्यासाठीच घेत असेल, आणि कमिशन नवी माणसं जोडल्यावरच मिळत असेल, तर ती साखळी आहे. 2021 च्या थेट विक्री नियमांत पिरॅमिड योजनांना मनाई आहे, आणि पैशांच्या फिरत्या योजनांवर बंदी घालणारा कायदा तर 1978 पासून आहे. साखळी तुटते तेव्हा सर सापडत नाहीत. दारात येतात ते तुम्ही जोडलेले मित्र आणि पाहुणे. गाव लहान असतं.

डिमॅट खातं, रमी, फॅन्टसी अ‍ॅप यांचं कमिशन मोठं असतं. ते करावं?

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातीवर ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आहे. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही. जुन्या व्हिडिओंच्या वर्णनात तशा लिंका पडून असतील तर आजच काढा.

शेअर बाजाराबद्दल: सेबीकडं (बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडं) नोंदणी नसताना सल्ला देणाऱ्यांशी किंवा परताव्याचा दावा करणाऱ्यांशी ब्रोकरांनी संबंध ठेवू नयेत, असा नियम सेबीनं ऑगस्ट 2024 मध्ये केला. 'कुठला शेअर घ्या' हे सांगत खाली खातं उघडायची लिंक द्यायची, ही जोडी टाळाच.

कर लागतो का? रक्कम तर छोटी आहे.

उत्पन्न म्हणून विवरणपत्रात दाखवावं लागतं. एका कंपनीकडून वर्षाला 20 हजारांपेक्षा जास्त कमिशन झालं की ती टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापते. ऑक्टोबर 2024 पासून दर 2 टक्के आहे, आणि 20 हजारांची मर्यादा 1 एप्रिल 2025 पासूनची. 24 हजारांवर 480 रुपये कापले जातील. एकूण कर बसत नसेल तर विवरणपत्र भरून ते परत मिळतात. पॅन दिला नसेल तर कपात थेट 20 टक्के. पॅन आणि बँक खातं एकाच नावाचं ठेवा. अनेकांचे पैसे फक्त 'पाटील' आणि 'पाटिल' एवढ्या फरकावर अडकतात.

दुकानाचे लोक अंदाजित उत्पन्नाच्या सोप्या योजनेत विवरणपत्र भरतात. कमिशनच्या उत्पन्नाला ती योजना लागू नाही. जीएसटीचा पेच तर बारीक आहे: सेवांसाठी नोंदणीची मर्यादा 20 लाख, फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात 40 लाख. कमिशन ही सेवा धरली जाते. म्हणजे 25 लाखांची उलाढाल असलेल्या, नोंदणी नसलेल्या दुकानदारानं त्याच पॅनवर कमिशन घ्यायला सुरुवात केली की 'फक्त माल' ही सवलत जाते. सुरू करायच्या आधी सीएला हे एवढंच विचारून घ्या.

वेबसाइटला किती खर्च धरावा?

गुगलचं ब्लॉगर फुकट आहे, डोमेन (साइटचा पत्ता) वर्षाला साधारण हजाराच्या आसपास. तेवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) घ्यायचंच असेल तर पहिल्या वर्षाच्या दरापेक्षा नूतनीकरणाचा दर आधी बघा, तो पुष्कळदा दुपटीच्या पुढं असतो. महागडी थीम, लोगो, कीवर्ड टूल यांची पहिल्या वर्षी गरज नाही.

लेख टाकायचा कधी?

हंगामाच्या दोन-तीन महिने आधी. नव्या साइटचं पान गुगलवर वर यायला वेळ लागतो. कासची फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. पावसाळी बूट आणि पोंचोचा लेख सप्टेंबरात टाकला तर तो पुढच्या वर्षीच कामाला येईल. महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसाचं साहित्य एप्रिलमध्ये. द्राक्षाची फळछाटणी ऑक्टोबरच्या आसपास, म्हणजे बागेच्या साधनांचं लिखाण जुलैत. हळद काढणी जानेवारीपासून, तर ताडपत्रीचा लेख ऑक्टोबर-नोव्हेंबरात.

जुन्या लेखांचं काय करायचं?

महिन्यातून एक संध्याकाळ त्यासाठी ठेवा. सगळ्यात जास्त वाचली जाणारी दहा पानं उघडा आणि प्रत्येक लिंक दाबून बघा. वस्तू संपली असेल, मॉडेल बदललं असेल, विक्रेता वेगळा आला असेल तर लिंक बदला. मॉडेल बदललं असेल तर आकडेही बदला. 8 अँपिअर-तासाच्या पंपाचे आकडे आणि 12 च्या पंपाची लिंक असं झालं तर पहिला जाब विचारणारा गावातलाच असेल. पानाच्या वर "शेवटची तपासणी" म्हणून तारीख लिहा, आणि ती खरोखर तपासल्यावरच बदला.